'आता दोघे हात मिळवा': मुलांना क्षमा शिकवावी तरी कशी?

धागाकर्ती: वसईची शिक्षिका

वसईतील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, तिसरी ते पाचवीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. क्षमेचा पाठ दरवर्षी येतो, मुले तो तोंडपाठ करतात आणि 'किती वेळा क्षमा करावी?' असे विचारले की 'सातांच्या सत्तर वेळा' हे उत्तर एका सुरात देतात. मात्र वर्गात किंवा घरी खरोखरचे भांडण झाले की आपण मोठी माणसे जे करतो, त्यातून मुले निराळेच काही शिकतात, असे मला वर्षानुवर्षे वाटत आले आहे. त्यासाठीच हा धागा काढते आहे.

नाताळच्या आधी वर्गातली मुले गोठ्यासाठी शाडूच्या मूर्ती करीत होती. धक्काबुक्कीत एकाकडून दुसऱ्याच्या मेंढपाळाचा हात मोडला. मदतीला आलेल्या एका पालकांनी दोघांना समोरासमोर उभे केले. 'सॉरी म्हण', 'इट्स ओके म्हण', 'आता दोघे हात मिळवा', एवढ्यावर प्रकरण मिटले. ज्याने मोडले तो खेळायला पळाला. ज्याचे मोडले तो मात्र ओल्या बोटाने तुटका हात जागेवर बसवू पाहत होता आणि सुकलेली माती काही केल्या धरत नव्हती. क्षमेचे शब्द त्याच्याकडून वदवून घेतले गेले होते, पण त्याचे काय गेले हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

मी दोघांना पुन्हा बोलावून घेतले. 'चुकून झाले' इथून 'मी त्याला ढकलले' इथपर्यंत यायला पहिल्याला बराच वेळ लागला. दुसऱ्याने सांगितले, की तो मेंढपाळ त्याने आपल्या आजोबांसारखा, खांद्यावर घोंगडी घेतलेला केला होता. हे ऐकल्यावर पहिला गप्प झाला आणि मग 'मी माती मळून देतो' असे आपण होऊन म्हणाला. 'माफ केलेस का?' असे मी दुसऱ्याला मुद्दाम विचारले नाही.

माझे म्हणणे असे आहे, की मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आपण मुलांना एकविसाव्या वचनापासून, म्हणजे 'भावाला किती वेळा क्षमा करावी?' या शिष्य पेत्राच्या प्रश्नापासून शिकवतो, आणि त्याच्या आधीचे सारे गाळतो. त्या अध्यायाच्या आरंभी येशू एका बालकाला शिष्यांच्या मध्ये उभे करतो. पाठोपाठ, अशा लहानग्यांना जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, हे अत्यंत कठोर वचन येते. मग हरवलेले मेंढरू येते. मग पंधराव्या वचनात, भावाने तुझा अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला त्याचा अपराध दाखव, ही आज्ञा येते. आणि एवढे झाल्यावरच 'किती वेळा?' हा प्रश्न येतो. दुबळ्याचे रक्षण आणि अपराध उघडपणे बोलून दाखवणे या दोन्ही गोष्टी क्षमेच्या आधी सांगितलेल्या असताना, आपण मुलांना थेट शेवटच्या पायरीवर उभे करतो हे मला योग्य वाटत नाही. आपल्या घरात, शाळेत, संडे स्कूलमध्ये याचा अनुभव कसा आहे, हे जाणून घ्यायला आवडेल.

नगरचा पाळक

ताई, अध्यायाच्या क्रमाबद्दल आपण जे लिहिले आहे ते मला पूर्णपणे मान्य आहे. पेत्राला उत्तर देताना येशू एका चाकराचा दाखला सांगतो: राजाने त्याचे प्रचंड कर्ज माफ केले, पण त्याने सोबत्याचे लहान देणे सोडले नाही. आमच्या मंडळीतही संडे स्कूलची मुले हा दाखला नाटुकल्यातून सादर करतात, पण पंधरावे वचन कोणाच्या वाट्याला येत नाही.

तरीही एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. आधी अपराधाची कबुली, मग भरपाई आणि मग क्षमा, असा नियम मुलांच्या मनात पक्का झाला, तर क्षमा हा एक व्यवहार होऊन बसेल. दाखल्यातल्या राजाने चाकराकडून काहीही भरून घेतले नव्हते. चाकर मुदत मागत होता आणि राजाने सगळे कर्जच सोडून दिले. येशूच्याच दुसऱ्या दाखल्यात, वाटणी उधळून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राच्या बापानेही मुलाची तयार करून आणलेली कबुली पुरती ऐकून घेतली नाही, तो दूर असतानाच धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडला. कृपा ही आधी येते, हा आपल्या विश्वासाचा गाभा आहे आणि तो मुलांपर्यंत पोहोचलाच पाहिजे. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाचे पाहा. येशू आधी त्याच्या घरी उतरला आणि मग त्याने चौपट परत करण्याचा निश्चय बोलून दाखवला.

चाकराच्या त्या दाखल्यातले आकडे मात्र आपलाच मुद्दा बळकट करतात. एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार. चाकराचे स्वतःचे देणे 10,000 तालांतांचे होते, म्हणजे कित्येक जन्म राबूनही न फिटणारे. त्याच्या सोबत्याकडून त्याला 100 दिनार येणे होते. आपण उपदेशात ही रक्कम क्षुल्लक होती असे सांगून मोकळे होतो, पण 100 दिवसांची मजुरी कोणत्याही कष्टकऱ्याच्या घरात क्षुल्लक नसते. येशूने सोबत्याचे देणे खोटे ठरवले नाही. खरे आणि जाणवण्याएवढे मोठे देणे सोडायला त्याने सांगितले. 'एवढे काय झाले त्यात?' असे म्हणून मुलाचे दुःख आधी लहान करायचे आणि मग ते माफ करायला लावायचे, याला या दाखल्यात कुठेच आधार नाही.

पुण्यातील आई

मी पाळकसाहेबांइतकी अभ्यासू नाही, पण आई म्हणून लिहिते. माझ्या मुलीला शाळेच्या बसमध्ये एक मोठी मुलगी बरेच दिवस त्रास देत होती. डबा हिसकावणे, केस ओढणे आणि 'घरी सांगितलेस तर बघ' अशी धमकी, असे सारे चालले होते. तक्रार केल्यावर आम्हाला सांगण्यात आले, की आपण ख्रिस्ती आहोत, तेव्हा मुलीला क्षमा करायला शिकवा. बसमधल्या जागा बदलण्याबद्दल किंवा त्या मुलीच्या पालकांशी बोलण्याबद्दल कोणी अवाक्षरही काढले नाही.

त्या रात्री माझ्या मुलीने प्रार्थनेच्या वेळी मला विचारले, 'मी तिला माफ केले, तर उद्या पुन्हा तिच्याच शेजारी बसायचे का?' मी तिला सांगितले, की माफ करणे आणि शेजारी बसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बसायचे की नाही हे आम्ही मोठ्यांनी ठरवायचे आहे आणि ते आम्ही ठरवू. दुसऱ्या दिवशी जागा बदलून घेईपर्यंत आम्ही शाळेतून हाललो नाही. हे उत्तर शास्त्राला धरून आहे का, हे जाणकारांनी सांगावे. मला मात्र त्या क्षणी दुसरे कोणतेही उत्तर देता आले नसते आणि आजही देणार नाही.

शालेय समुपदेशक

पुण्यातील ताई, आपले उत्तर अगदी योग्य होते. क्षमेच्या शिक्षणावर ज्यांनी आयुष्य घालवले, तेही हेच सांगतात.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांनी शाळांसाठी क्षमेचा अभ्यासक्रम तयार केला. 2002पासून तो उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या प्राथमिक शाळांत शिकवला जाऊ लागला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये जिथे भिंती उभ्या आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब मुलांना घरातच मिळतो, त्या शहरात तो सुरू झाला हे ध्यानात घ्यावे. त्यांची मांडणी साधी आहे. क्षमा करणे म्हणजे घडलेले योग्य होते असे म्हणणे नव्हे, ते विसरणे नव्हे, न्यायावर पाणी सोडणे नव्हे आणि संबंध पूर्ववत करणेही नव्हे. समेटाला दोन माणसे लागतात आणि विश्वास परत मिळवावा लागतो. क्षमा मात्र दुखावलेला माणूस एकटाही करू शकतो. त्या वर्गांत लहान मुलांना सुरुवातीला 'माफ करा' असे सांगत नाहीत. गोष्टींमधून प्रत्येक माणसाचे मोल ओळखायला, मग दुसऱ्याच्या बाजूने पाहायला शिकवतात, आणि क्षमेची निवड मुलावर सोडतात.

आता एक गोष्ट कठोरपणे सांगतो, कारण ख्रिस्ती संस्थांमध्ये काम करताना ती सांगण्याची वेळ माझ्यावर आली आहे. अपराध लैंगिक शोषणाचा असेल, तर क्षमेचा विषय काढण्याचा अधिकार कोणाही मोठ्या माणसाला नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19नुसार, असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्याने तो पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापक, पाळक, धर्मभगिनी, समुपदेशक यांपैकी कोणीही त्याला अपवाद नाही. पोप फ्रान्सिस यांनीही 2019मध्ये धर्मगुरू आणि व्रतस्थांना अशी प्रकरणे ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले. 'त्यांना माफ कर आणि कुठे बोलू नकोस' हे वाक्य मुलाच्या कानावर पडले, तर ते त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. धागाकर्तीने जात्याच्या तळीचा जो उल्लेख केला आहे, तो अशा वेळी शाळेच्या व्यवस्थापनाला वाचून दाखवावा.

निवृत्त मुख्याध्यापक, वसई

आतापर्यंतची सगळी चर्चा क्षमा करण्याबद्दल झाली. क्षमा मागण्याबद्दल फारच कमी बोलले गेले आहे, आणि माझ्या मते मुलांच्या घडणीत तीच आधी येते.

कॅथलिक मुलांकडून प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या (पहिल्या कम्युनियनच्या) आधी प्रायश्चित्त संस्काराची, म्हणजे पापांची कबुली देऊन क्षमा मागण्याच्या विधीची, तयारी करून घेतात. 1910मध्ये पोप दहावे पायस यांनी समज येण्याचे वय साधारण सात वर्षांचे मानले आणि तेव्हापासून ही वहिवाट रूढ झाली. या तयारीत आपण मुलांना पापांची यादी करायला बसवतो आणि मुले 'खोटे बोललो, भांडलो, आईचे ऐकले नाही' असे एकमेकांचे पाहून लिहितात. वास्तविक ख्रिस्तसभेची शिकवण किती जमिनीवरची आहे पाहा. पापमुक्ती मिळाली तरी पापाने झालेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेले परत करायचे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळायचे, जे दुरुस्त होण्यासारखे आहे ते दुरुस्त करायचे. पाळकसाहेबांची कृपेविषयीची काळजी मी समजू शकतो, पण भरपाई ही क्षमेची किंमत म्हणून सांगायची नसते. क्षमा मिळालेल्या माणसाचे हात कशाला लागतात, हे दाखवण्यासाठी ती सांगायची असते. आपण जक्कयाचे उदाहरण दिलेत, ते नेमके हेच आहे.

पण खरा धडा घरात मिळतो. आमच्या वसईत जमिनीला सोन्याचे मोल आले आणि बागायती वाड्यांच्या वाटण्यांवरून सख्खे भाऊ कोर्टात गेले. एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्साला, एक भाऊ डावीकडच्या बाकांवर आणि दुसरा उजवीकडच्या, हे दृश्य आमच्या पिढीला नवे नाही. ख्रिस्तप्रसादाआधी एकमेकांना शांतीचे चिन्ह देण्याची वेळ येते, तेव्हा त्या दोन्ही घरांतली मुले आपापले बाबा कोणाकडे वळतात आणि कोणाकडे पाठ करतात हे बारकाईने पाहत असतात. वेदीपाशी अर्पण आणताना भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. हे वचन त्या मुलांना वर्गात शिकवायचे, तर त्याआधी त्यांच्या बापांशी बोलायला हवे. मी मुख्याध्यापक असताना धर्मशिक्षणाच्या शिक्षकांना नेहमी सांगत असे, की क्षमेचा पाठ ज्या आठवड्यात असेल, त्या आठवड्यात पालकांचीही बैठक घ्या.

आणि आईबापांनी मुलांची क्षमा मागावी. 'मी तुझ्यावर उगाच ओरडलो, तुझी चूक नव्हती' एवढे जरी बापाने सरळ म्हटले, पुढे 'पण तूही' असे न जोडता म्हटले, तरी मूल क्षमा मागायला शिकते.

इंदूरकर

आमच्या इंदूरची एक घटना या चर्चेत यायला हवी. मूळच्या केरळच्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात भूमिहीन शेतमजुरांमध्ये काम करीत होत्या. त्यांच्या कामामुळे तिथल्या बड्या लोकांच्या हितसंबंधांना धक्का लागला, आणि 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसच्या प्रवासात समुंदर सिंग याने त्यांच्यावर चाकूचे वार करून त्यांना ठार केले. त्याला जन्मठेप झाली. 2002मध्ये राखी पौर्णिमेच्या सुमाराला सिस्टरांच्या धाकट्या बहिणीने, ज्या स्वतःही धर्मभगिनी आहेत, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. 2006मध्ये तो सुटला आणि त्याच्या सुटकेच्या अर्जाला सिस्टरांच्या कुटुंबाचा पाठिंबा होता. पुढे तो केरळमध्ये त्यांच्या आईवडिलांना भेटायला गेला आणि त्यांनी त्याला घरात घेतले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी सिस्टर राणी मारिया यांना इंदूरमध्ये 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

ही कथा आमच्याकडे मुलांना सांगतात, पण ती सांगताना एक गोष्ट निसटते, ती म्हणजे मधली वर्षे. हत्या आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे आहेत. त्या वर्षांत न्यायालयाने आपले काम केले, शिक्षा झाली आणि ती भोगली जात होती. एका बहिणीच्या मनात या काळात काय काय उलथापालथ झाली असेल, याला आपल्या गोष्टीत एक वाक्यही मिळत नाही. मूल ऐकते ते असे, की बहीण मारली गेली आणि बहिणीने राखी बांधली. मग ज्याला आपल्या वर्गमित्रावरचा रुसवा दोन दिवसांत सोडता येत नाही, त्या मुलाला आपण वाईट आहोत असे वाटले तर नवल नाही.

ओडिशात कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांच्या पत्नी ग्लॅडिस यांचीही कथा अशीच घाईने सांगितली जाते. जानेवारी 1999मध्ये मनोहरपूर येथे स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची मुले फिलिप आणि टिमथी यांना गाडीत जिवंत जाळले गेले. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि मुलगी एस्थर हिच्यासह त्या बारीपद्यात राहून कुष्ठरुग्णांची सेवा करीत राहिल्या. पण त्यांनी खटला थांबवा असे म्हटले नव्हते. कायद्याचे काम कायद्यावर सोडून त्यांनी आपल्या मनातला द्वेष तेवढा सोडला. सातवी-आठवीच्या मुलांना हा फरक समजतो, असा माझा अनुभव आहे. त्याहून लहान मुलांना या दोन कथा सांगूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिज्ञासू पालक

मी ख्रिस्ती नाही, पण माझा मुलगा मिशनरी शाळेत शिकतो. तिथे ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना मूल्यशिक्षण असे एकाच तासाला वेगवेगळे वर्ग असतात. मूल्यशिक्षणात क्षमेची गोष्ट असते, पण देव मला क्षमा करतो म्हणून मी करावी, हा धागा तिथे नसतो. तो नसताना ही शिकवण टिकते का?

नगरचा पाळक

आपला प्रश्न प्रामाणिक आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात सहभागी व्हायला लावू नये, असे संविधानाचे कलम 28 सांगते आणि ते योग्यच आहे. मूल्यशिक्षणाच्या वर्गातही आपल्या मुलाला कोणीतरी कधीतरी माफ केले होते, याची आठवण जागी करता येते. आईने, आजीने, एखाद्या शिक्षकाने केले असेल. प्रत्येक मुलाकडे अशी एक तरी आठवण असते आणि शिकवण तिच्यावर उभी राहू शकते. आम्ही त्या आठवणीच्या मुळाशी देवाला पाहतो, एवढाच फरक.

मुख्याध्यापक सरांनी जक्कयाविषयी जे लिहिले ते मी स्वीकारतो. कृपा आधी आणि भरपाई तिच्या मागोमाग, असे शिकवले तर माझी हरकत उरत नाही.

पुण्यातील आई

सर्वांचे आभार. एकच विचारायचे राहिले. माझी मुलगी आता प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीपाशी गप्प बसते. ती म्हणते, की मी अजून सोडलेले नाही, मग देवाला खोटे कशाला सांगू? तिला काय सांगावे?

वसईची शिक्षिका

ताई, तिला गप्प बसू द्यावे, असे मला वाटते. जे मूल ती ओळ इतक्या गांभीर्याने घेते, त्याने प्रार्थना मन लावून ऐकली आहे. त्या जागी तिला आपल्या शब्दांत 'देवा, मला अजून राग आहे' एवढे म्हणू द्या. स्तोत्रसंहितेत 'हे परमेश्वरा, कोठवर?' असे विचारणारे तेरावे स्तोत्र आहे, ते तिच्यासोबत वाचा. रागावलेल्या माणसालाही देवापुढे उभे राहता येते, हे तिला त्यातून दिसेल. ओळ म्हणायची वेळ तिची तिला कळेल.

इंदूरकरांनी मधल्या वर्षांबद्दल जे लिहिले, ते वाचून मी ईस्टरच्या आधीच्या येत्या उपवासकाळासाठी वर्गाचा आराखडा बदलते आहे. दाखला एका रविवारी आटोपण्याऐवजी झावळ्यांच्या रविवारपर्यंतचे (ईस्टरच्या आधीच्या रविवारपर्यंतचे) सहाही रविवार बायबलमधल्या योसेफाची गोष्ट घेईन. पहिल्या रविवारी उत्पत्तीचा 37वा अध्याय, भाऊ त्याला वीस रुप्यांना विकतात तो. दुसऱ्या रविवारी 42वा. त्यात भाऊ धान्यासाठी मिसरात येतात, योसेफ त्यांना ओळखतो पण ओळख देत नाही, आणि बाजूला जाऊन रडतो. तिसऱ्या रविवारी 43वा. चौथ्या रविवारी 44वा. ज्या यहूदाने योसेफाला विकण्याची कल्पना काढली होती, तोच धाकट्या भावाऐवजी, बन्यामिनाऐवजी, स्वतः गुलाम व्हायला तयार होतो, तेव्हा भाऊ बदलला आहे हे योसेफाला दिसते. हाच भाग मुलांकडून नाटुकल्यात करून घ्यायचा विचार आहे. पाचव्या रविवारी 45वा, ओळख आणि गळाभेट.

शेवटचा रविवार 50व्या अध्यायासाठी. समेट होऊन, सगळे कुटुंब मिसरात येऊन सतरा वर्षे लोटल्यावर बाप वारतो, आणि भाऊ पुन्हा घाबरतात की आता योसेफ सूड घेईल. योसेफ पुन्हा रडतो आणि पुन्हा तेच सांगतो, की भिऊ नका. ते ऐकून मुले काय प्रश्न विचारतात, ते इथे येऊन लिहीन. मुख्याध्यापक सर, त्याच आठवड्यात पालकांची बैठक ठेवली आहे. आपण याल का?